उघड्या दारातली छत्री

नत्थूजी खोडे यांना सी भाषेतली एक ओळही लिहिता येत नव्हती. माझ्या प्रोग्राममधली सगळ्यात मोठी चूक त्यांनी पकडली, आणि तीही छत्रीने. पुढे मी बरीच वर्षं याच कामात काढली, मोठमोठ्या पदव्यांची माणसं पाहिली. पण कुणी 'तपासणी' म्हटलं की मला अजून ती काळी छत्री आठवते आणि ती काखेत धरून उभे असलेले बुटके, गोल, कायम घामेजलेले नत्थूजी.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. सौंसरला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा नऊ माणसांचा कारखाना होता. कापसाच्या प्रेसला लागणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आम्ही बनवायला घेतले होते. ज्यांनी प्रेस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक उंच लोखंडी पेटी असते. तिला कमरेएवढ्या उंचीवर दार. दारातून सरकी काढलेली रुई आत टाकतात, एक माणूस आत उतरून ती पायांनी तुडवतो, मग बाहेर येतो, दार लावतो, आणि वरून दट्ट्या खाली येऊन त्या ढिगाची घट्ट गाठ करतो. दट्ट्याला आत रुई आहे की माणूस, हे कळत नाही. ते कळवायचं काम आमच्या कंट्रोलरचं. दार उघडं असेल तर कुणी काहीही दाबलं तरी दट्ट्या हलता कामा नये. बाकी सगळं त्याच्यानंतर.

प्रोग्राम लिहायला मी होते. नागपूरहून शिकून आलेली, पंचविशीची, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत असलेली. मालक विजयभाऊ. आणि स्टोअर सांभाळायला नत्थूजी.

नत्थूजी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नागपूर-इटारसी लाईनवर, त्यातली बरीच वर्षं पांढुर्ण्यातच. घर जाम नदीच्या पलीकडे सावरगावला. आठवडाभर ते सौंसरला कारखान्याच्या खोलीत राहत आणि शनिवारी बसने घरी जात. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. काखेत छत्री, बारा महिने. मे महिन्यात कुणी हटकलं तर म्हणायचे, "पाऊस काय तुले पुसून येते?"

सौंसरच्या छोट्या लाईनबद्दल त्यांना मोठ्या लाईनवाल्याचा तुच्छ भाव होता. छिंदवाड्याची गाडी शिट्टी वाजवत गेली की ते स्टोअरच्या खिडकीतून बघत आणि म्हणत, "चालली बैलबंडी." पण तीच गाडी सिग्नलला थांबलेली दिसली की लगेच सूर बदले. "थांबली पाय. लहान हाये, पण कायदा पाळून राहिली."

कायदा हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्या घरी मी एकदा गेले तेव्हा तो किती खोलवर गेला आहे ते पाहिलं. शनिवार होता, पांढुर्ण्याला काम होतं, ते म्हणाले, चहा घेऊन जा. आम्ही सावरगावला त्यांच्या फाटकाशी पोचलो आणि नत्थूजी तिथेच उभे राहिले. दाराच्या कडीला एक तांबडा फडका लटकत होता.

"काय झालं काकाजी?"

"सिग्नल नाही भेटला."

दोन मिनिटांनी आतून काकू आल्या. मला पाहून त्यांनी फडका ओढून काढला. "याव वो बाई तुम्ही आत. तुमच्यासाठी नाही तो." मग चहा करता करता त्यांनी खुलासा केला. लग्न झालं तेव्हा नत्थूजी ड्यूटीवरून येत आणि उंबऱ्यातूनच सिग्नलच्या गोष्टी सुरू करत. काकूंचं डोकं उठलेलं असलं तरी थांबत नसत. "मंग म्या एक दिवस फडका बांधला. म्हटलं, आता पाह्यतो, तांबडं दिसल्यावर हा माणूस आत येते का. नाही आला बाप्पा. दीड घंटा फाटकात उभा."

"पाऊस होता," नत्थूजी म्हणाले.

"छत्री होती ना," काकू म्हणाल्या.

आता प्रोग्रामबद्दल. आमच्या कंट्रोलरमधली चिप लहान आणि हळू. म्हणून प्रोग्राम दोन भाषांत लिहिलेला. मोठा भाग सी भाषेत, जी माणसाला वाचता येते. आणि जिथे क्षणाचीही दिरंगाई चालत नाही तो भाग असेंब्लीत, म्हणजे चिपच्या स्वतःच्या बोलीत, एकेक पाऊल सुटं करून. दार बघण्याचं काम असेंब्लीतल्या भागाकडे होतं. नत्थूजींनी हा असेंब्लीचा भाग माझ्या शेजारी बसून महिनाभरात वाचायला शिकून घेतला. त्यांना तो सिग्नलच्या कॅबिनमधल्या लिव्हरसारखा वाटे. हे ओढलेलं असेल तर ते सुटणार नाही, ते सुटलं असेल तर हे ओढता येणार नाही. सी मात्र त्यांनी कधी जवळ केली नाही. "ते लंबी बात करते," म्हणायचे. "आपल्याले हो का नाही, एवढंच पायजे."

एके दिवशी विजयभाऊंनी नागपूरहून एक फ्लॉपी आणली. तिच्यात तपासनीस प्रोग्राम होता. हा तपासनीस आपला सी प्रोग्राम न चालवता नुसता वाचतो आणि शंका काढतो. हा खण भरला, पण त्यातलं कुणी काढून घेत नाही. हे काम लिहिलं, पण त्याला कुणी बोलवत नाही. अशा प्रत्येक शंकेला वॉर्निंग म्हणायचं. मी तो आमच्या प्रोग्रामवर चालवला आणि प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. एकसष्ट वॉर्निंग आल्या.

प्रिंटर स्टोअरच्या भिंतीला लागून होता. आवाज ऐकून नत्थूजी आले. जमिनीपर्यंत लोंबणारा कागद त्यांनी उचलून पाहिला.

"एवढे दिवे कायचे लागले बाई?"

"खोटे आहेत काकाजी," मी म्हणाले. आणि मी चूक बोलत नव्हते, निदान बरंचसं. तपासनिसाला फक्त सी वाचता येत होती, असेंब्ली नाही. म्हणजे कसं, की पाहुणी सासू स्वयंपाकघरात बसून पाहते, रोज एक भांडं घासून ठेवलं जातं आणि या घरात ते कुणीच वापरत नाही. ती म्हणते, फेका हे. मागच्या दाराने शेजारची सून येऊन ते भांडं नेते, हे तिला दिसतच नाही. आमच्या असेंब्लीची सगळी ये-जा मागच्या दाराने होती.

नत्थूजींनी हे शांतपणे ऐकलं. म्हणाले, "खोटा दिवा म्हणजे बिघडलेला दिवा. खऱ्या दिव्यापरीस बिघडलेला वाईट. लोकायले तो पाहाची सवय होऊन जाते."

मग त्यांनी मला रेल्वेची रीत सांगितली. सिग्नल बिघडून तांबडाच राहिला, तरी ड्रायव्हर आपल्या मनाने पुढे जात नाही. सगळ्या जगाला माहीत असलं तरी नाही. स्टेशन मास्तर त्याला कागद देतो, की अमुक सिग्नल तांबडा असताना जायला परवानगी आहे, कारण अमुक, सही. तो कागद हातात आल्यावरच गाडी हलते. त्यांचं सूत्र चार पायऱ्यांचं होतं आणि ते बोटांवर मोजून म्हणायचे: "थांबाचं, पुसाचं, लिहाचं, मंग जाचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोअरमधलं एक लांबट रजिस्टर काढलं आणि तांबड्या पेनाने रकाने आखले. दिवा नंबर. दिवा काय म्हणतो. खरा का खोटा. खोटा असेल तर कारण. लिहिणाऱ्याची सही. दुसऱ्याची सही. या शेवटच्या रकान्यावर माझी नजर अडली.

"दुसरा कोण?"

"मी."

"तुम्हाला सी येत नाही."

"म्हणूनच. मले समजलं पायजे, असं कारण लिहा."

मला हे सगळं पोरकट वाटलं. दिवसाला दोन-तीन वॉर्निंगचा निकाल लागे. मी सांगे, ते असेंब्लीची पानं उलटून तो मागचा दरवाजा स्वतःच्या डोळ्यांनी शोधत, मग सही. या वेगाने चाललं तर कापूस येऊन जाईल, असं मी विजयभाऊंना सांगितलं. तेही बिचारे दोन्ही बाजूंनी अडकलेले. पांढुर्ण्याच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढण्याच्या कारखान्यात, पहिला कंट्रोलर बसायचा होता, आणि तिथल्या मॅनेजरनी कुठूनतरी तपासनिसाबद्दल ऐकून अट घातली होती, "कागज एकदम साफ पायजे. एक बी वॉर्निंग दिसली तर आपण नाही लावणार." हा कंट्रोलर बसला नाही तर आमची शेड बंद होणार, हे कुणी बोलत नव्हतं, पण नऊही जणांना ठाऊक होतं.

पोळा आला. नत्थूजी चार दिवस घरी गेले. दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. त्या गोटमारीत तुम्ही कुणाकडून, असं त्यांना विचारलं तर म्हणत, "घर सावरगावचं, नोकरी पांढुर्ण्याची. मले दोहीकडून लागन." आणि दिवसभर काकूंबरोबर घरात बसून राहत.

त्या चार दिवसांत मी कागद साफ केला. खोट्या वॉर्निंगची तोंडं बंद करायची सोय तपासनिसातच होती, ती वापरली. काही ठिकाणी तो 'कुणी वापरत नाही' म्हणाला ते खरंच काढून टाकलं. त्यात एका तक्त्यातला एक खण होता. नाव 'राखीव'. सीमध्ये कुणी वापरत नव्हतं, असेंब्लीतही ते नाव कुठे सापडलं नाही. मी तो उडवला. एकेक करता एकसष्टच्या शून्य झाल्या. कंट्रोलर टेबलावर लावून पाहिला. दार उघडं, बटण दाबलं, दट्ट्याच्या जागी जोडलेला दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, लागला नाही. झालं. रजिस्टरमध्ये मी काही लिहिलं नाही. शून्य वॉर्निंगचं काय लिहायचं?

पाचव्या दिवशी आम्ही तिघं जिनमध्ये पोचलो. नत्थूजी सावरगावहून परस्पर तिथे आले, छत्रीसकट. मी मॅनेजरना कोरा कागद दिला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि खूश झाले. कंट्रोलर बसवला, पंप सुरू केला. लहानू पुढे आला. लहानू म्हणजे तिथला रुई तुडवणारा. घराच्या दाराएवढा उंच माणूस, भुवयांवर कायम पांढरा कापूस. त्याने चपला काढल्या, एक पाय दाराच्या काठावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ का बाई?"

"जा," मी म्हणाले. "दार उघडं आहे तोवर दट्ट्या हलत नाही."

हे वाक्य मी बोलले होते. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

"थांब बे लहानू," नत्थूजी म्हणाले. मग मला, "कागद कोरा हाये म्हणता?"

"हो."

"मी गेलो तवा चाळीसच्या वर दिवे बाकी होते. त्यातले रजिस्टरमध्ये किती लिहिले?"

"विझवले ना काकाजी सगळे."

"म्हणजे कसे विझले, ते लिहिलं नाही." त्यांनी काखेतली छत्री काढली, लहानूला हाताने बाजूला केलं आणि ती उघड्या दारातून पेटीत उभी करून ठेवली. "आधी ते जाईन."

मॅनेजर हसले. मलाही थोडं हसू आलं. नत्थूजींनी बटण दाबलं.

दट्ट्या खाली आला. घाई न करता, अगदी त्याच्या रोजच्या चालीने. दार सताड उघडं होतं. छत्री आधी वाकली, मग काड्यांचा कुडकुड आवाज झाला, मग काही आवाज झाला नाही. नत्थूजींनी पंप बंद केला.

लहानू आपल्या अनवाणी पायांकडे पाहत होता. मग म्हणाला, "काकाजी, छत्री गेली न तुमची."

"गेली. चप्पल घाल."

मॅनेजर कागद धरून उभे होते. "पण हा कागज तर साफ हाये," ते म्हणाले.

"तोच तर घोर हाये," नत्थूजी म्हणाले.

मला ते रागावले नाहीत. विजयभाऊ बोलले, आणि त्यांना बोलायचा हक्क होता. बसस्टँडवर नत्थूजींनी दोन आलूबोंडे घेतले, एक माझ्या हातात दिला. "खा. रिकाम्या पोटी चूक सापडत नाही." बसमध्ये ती चपटी छत्री मांडीवर घेऊन ते म्हणाले, "आता सांगा. काय काय काढलं?"

मी आठवून एकेक सांगू लागले. 'राखीव' खणाचं नाव आलं तसं त्यांनी हात वर केला.

"तो खण कोणत्या नंबरचा?"

"तिसरा."

"आन दार?"

"चौथा."

"असेंब्ली दाराचं नाव घेऊन पाहते, का नंबर मोजून?"

मी असेंब्लीचं ते पान डोळ्यांसमोर आणलं. नंबर मोजून. असेंब्लीत कुठेही 'दार' असं लिहिलेलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, वरून चौथा खण बघ.

"मधला एक डबा काढला बाई तुम्ही," नत्थूजी म्हणाले. "रिकामा होता, कबूल. पण पार्सलवाला फलाटावर चौथा डबा मोजून उभा हाये. त्याच्यासमोर आता पाचवा येऊन राहिला."

पाचव्या खणात होतं 'पंप चालू'. पंप चालू असला की तिथे 'हो'. असेंब्ली तेच 'हो' वाचून समजत होती, दार बंद आहे. टेबलावर मी पंप न लावता, दार उघडंच ठेवून चाचणी केली होती, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं. बस सौंसरला पोचायच्या आत एवढं सगळं माझं मला कळलं. आलूबोंडा हातातच राहिला होता. तो त्यांनी मागून घेतला आणि खाल्ला.

पुढचे तीन आठवडे मी त्या स्टोअरमध्ये बसून काढले, आणि खरं सांगते, मजेत काढले. मी सगळ्या एकसष्ट वॉर्निंग परत चालू केल्या. एकेक दिवा घ्यायचा. खरा असेल तर दुरुस्त करायचा. खोटा असेल तर प्रोग्राममध्ये त्याच ओळीशेजारी लिहायचं, हे असेंब्लीतलं अमुक काम वापरतं, हात लावू नये. मग रजिस्टरमध्ये. नंबर मोजून पाहणारी असेंब्ली मी नावाने पाहणारी केली, म्हणजे पुन्हा कुणी डबा काढला तर प्रोग्राम बनतानाच अडेल.

नत्थूजी कारणांच्या बाबतीत भयंकर चोखंदळ. मी 'लागत नाही' असं लिहिलं तर ते तांबड्या पेनाने विचारत, 'कोणाले?' मी 'नेहमीचेच' असं लिहिलं तर, 'नेहमी म्हणजे कधीपासून?' एका वॉर्निंगवर आमचं दोन दिवस वाजलं. तपासनीस म्हणत होता की तेलाचा दाब बघणाऱ्या कामाला दोन आकडे दिले जातात, पण ते दुसरा बघतच नाही. मी म्हणाले, असेंब्ली बघत असेल. ते म्हणाले, दाखवा. मला दाखवता येईना. "असन, असं रजिस्टरमध्ये लिहू का?" त्यांनी विचारलं आणि पेन बंद केलं. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की कुणीच बघत नव्हतं. दाबाची वरची मर्यादा आम्ही लिहिली होती आणि ती कुणी वाचतच नव्हतं. हा दिवा खरा होता. एकसष्टांत असे खरे सात निघाले. सातवा सापडला तेव्हा त्यांनी छिंदवाड्याच्या गाडीला खिडकीतून सलाम केला. बैलबंडीला मिळालेला तेवढा एकच.

आम्ही परत जिनमध्ये गेलो तेव्हा तपासनिसाच्या कागदावर चौपन्न वॉर्निंग उघड्या दिसत होत्या आणि सोबत रजिस्टर होतं. मॅनेजरनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, मागच्या टाइमला तरी कागज साफ होता."

"मागच्या टाइमले छत्री मेली," नत्थूजी म्हणाले. "साहेब, तुम्ही कोणताही एक नंबर बोला."

मॅनेजर म्हणाले, "तेवीस." नत्थूजींनी पान काढून पुढे सरकवलं. मॅनेजरनी वाचलं. मग म्हणाले, "एकेचाळीस." तेही वाचलं. मग त्यांनी आपण होऊन आणखी पाच-सहा पाहिले. एखाद्याला दुसऱ्याच्या घरचं भांडण वाचायला मिळावं तसा त्यांना रस आला होता, कारण कारणांच्या खाली आमची तांबड्या-निळ्या शाईतली वादावादीही होती. शेवटी रजिस्टर मिटून म्हणाले, "छत्री कुठं हाये?"

छत्री होती. पांढुर्ण्यात एक कारागीर होता, त्याने सगळ्या काड्या सरळ करून दिल्या, एक सोडून. ती कायमची बाहेर डोकावत राहिली. नत्थूजींनी छत्री पेटीत ठेवली, पंप लावला, दार उघडं, बटण. काही झालं नाही. "पुन्हा," ते म्हणाले. काही झालं नाही. तिसऱ्यांदा मॅनेजरनी दाबलं. छत्री तशीच.

लहानूने चपला काढल्या. "आता मी जाऊ?"

"आधी बाई जाईन," नत्थूजी म्हणाले. "ज्यानं सिग्नल लावला, त्यानं पहिली गाडी काढाची. कायदा हाये."

असा कुठे कायदा आहे की नाही, मला माहीत नाही. मी ओढणी कमरेला बांधली आणि चढले. तेवढ्यात नत्थूजींनी कोपऱ्यातून एक जाड सागवानी ठोकळा ओढत आणला, सावरगावहून बसच्या टपावर टाकून आणलेला, आणि लहानूच्या मदतीने पेटीत माझ्या शेजारी उभा केला. दट्ट्या आलाच तर आधी त्याच्यावर अडकावा असा.

"हा कशाला काकाजी? विश्वास नाही?"

"विश्वास येगळा, ठोकळा येगळा. बसा."

मी रुईत बसले, एका बाजूला ठोकळा, हातात छत्री. बाहेर बटणाचा खटका ऐकू आला. वर दट्ट्या होता तिथेच होता. मला बाहेर काढायची कुणाला घाई दिसेना. लहानू दारातून डोकावून म्हणाला, "बाई, आत आल्याच आहात तर दोन पाय मारून घ्या, रुई बसून जाईन." विजयभाऊ पहिल्यांदा मोठ्याने हसले. मी पाय मारले. माझ्या त्या कामाबद्दल लहानूचं मत फार चांगलं झालं नाही.

कंट्रोलर बसला. त्या हंगामात तसे आणखी चार गेले आणि शेड चालू राहिली.

दीड वर्षाने मला पुण्याला काम मिळालं. जायच्या आधी मी पांढुर्ण्याला गेले, नत्थूजींना भेटायला. तोवर त्यांनी नोकरी सोडली होती. घरी गेले तर कडीला फडका नव्हता आणि तेही नव्हते. काकू म्हणाल्या, "जिनमध्ये पाहा. घरात बसवत नाही त्यायले."

ते तिथेच होते, प्रेससमोर, काखेत ती एक काडी बाहेर आलेली छत्री. माझी बातमी त्यांनी ऐकली, किती वाजताची गाडी, कोणता डबा, कोण घ्यायला येणार, सगळं विचारलं. समाधान झाल्यावर म्हणाले, "जा. रस्ता मोकळा हाये." तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीवर टांगलेल्या वहीकडे गेलं. जिनवाल्यांनी त्यांच्याकडून उचललेली पद्धत होती ती. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी उघड्या दारात छत्री ठेवायची, बटण दाबायचं, आणि वहीत लिहायचं. त्यासाठी जिनची स्वतःची छत्री होती, दाराशेजारी खिळ्याला अडकवलेली.

"लहानू, आजची छत्री?"

"केली न काकाजी. सकाळीच केली."

"लिहिली?"

लहानूने डोकं खाजवलं. "नाही."

"मंग केली नाही."

"अहो, आता दोन गाठी बांधून झाल्या."

"लिहिली नाही म्हणजे केली नाही. काढ ते छत्री."

लहानू कुरकुरत खिळ्याकडे गेला. मला बस गाठायची होती, म्हणून मी निघाले. फाटकापाशी वळून पाहिलं. दार सताड उघडं, आत छत्री, लहानूचा अंगठा बटणावर. आणि नत्थूजी मान किंचित वाकडी करून, कानामागे हात धरून उभे. दट्ट्या हलत नव्हता. ते तो न हलण्याचा आवाज ऐकत होते, आणि चेहरा असा, की जणू मोठ्या लाईनवरची मेल अगदी वेळेवर येऊन थांबली आहे.